दंष्ट्रासुराचे डोळे

पंचफुलानं दंष्ट्रासुराला उचलून खिडकीच्या उजेडात धरलं आणि तिचा हात तसाच थांबला.

राक्षस बाकी झकास उतरला होता. लांडग्याचं तोंड, पाठीवर काटे, मुठीत परशू. उजवा हात वर केला की वरच राहत होता, सोडल्याबरोबर गळून पडत नव्हता. टेबलावर ठेवला तर दोन्ही पायांवर ठाम उभा. साच्याच्या फटीतून प्लास्टिकची जी कड बाहेर येते, तीही अंगठ्याला कुठं टोचत नव्हती. तिनं अंगठा ओला करून परशूवर घासला. चंदेरी रंग निघाला नाही. घोडं अडलं होतं डोळ्यांवर. एक डोळा जागच्या जागी होता, दुसरा पार भुवईवर चढला होता. जगाला गिळायला निघालेला असुर कुणीतरी साखरझोपेतून उठवल्यासारखा दिसत होता.

टेबलाच्या एका अंगाला पास झालेल्या मालाची हिरवी टोपली होती, तळाला पोतं अंथरलेली. दुसऱ्या अंगाला नापास मालाचा पत्र्याचा लाल डबा. डब्यातला माल संध्याकाळी मशीनीत दळला जायचा.

पंचफुलानं केसातली पिन काढून भुवईवरचा जादा रंग खरवडला, फुंकर मारली, पुन्हा पाहिलं. जमलं नाही. तिनं शेडच्या दुसऱ्या टोकाला नजर टाकली. तिथं रुद्राणी नाक जवळजवळ खेळण्याला टेकवून ब्रश चालवत होती. कारखान्यात डोळे ती एकटीच रंगवायची.

पंचफुलानं दंष्ट्रासुर हिरव्या टोपलीत ठेवला.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा चारेक वर्षं झाली होती. नव्या नवरीचं घरात जसं सगळ्यांना कौतुक, तसं गावाला त्या जिल्हेपणाचं कौतुक होतं. नव्या कचेऱ्या, नवे साहेब, गावाबाहेर माळावर कारखान्यांच्या शेडी. उदगीरच्या बसलिंगप्पांच्या घरात तीन पिढ्या डाळीची गिरणी. पण त्यांच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, त्यांनी माळावर एक शेड घेतली आणि खेळणी काढायला सुरुवात केली. तीही साधी बाहुली-मोटार नाही. त्यांनी अख्खी ‘असुरसेना’ उभी केली. दंष्ट्रासुर, पंखवीर, दगडी अंगाचा पाषाणबाहू, नागमुखी राणी. पोरांनी एकेक करून फौज जमवायची. पोरं येडी झाली. गंजगोलाईतल्या दुकानांत, नांदेडला, धर्माबादच्या बाजारात, पार हैदराबादपर्यंत माल जायचा. शाळेच्या दारात पोरं दोन पाषाणबाहू देऊन एक नागमुखी मागायची आणि तरी सौदा जमायचा नाही.

पंचफुला आली होती खोकी भरायला. पहिल्याच आठवड्यात तिनं एक पंखवीर अप्पांच्या पुढ्यात नेऊन ठेवला. “अप्पा, ह्यो उभा राहत न्हाई. पोरगं घरी नेईल आन् रडंल.” बसलिंगप्पांनी जन्मभर तळहातावर तूर घेऊन पारखली होती. त्यांना पारखणारा माणूस कळायचा. दुसऱ्या दिवशी तिचं टेबल खिडकीपाशी गेलं.

आणि टेबल मिळाल्यावर तिनं पहिलं काम केलं ते रुद्राणीला बोलावून आणण्याचं.

दोघींची ओळख बहात्तरच्या दुष्काळातली. औशाच्या रस्त्याला खडी फोडताना दोघी शेजारी बसायच्या. दुपारी सुकडी मिळायची, ती एका फडक्यावर घेऊन खायच्या. पंचफुला कुणब्याची, रुद्राणी लिंगायताची, पण त्या उन्हात जात विचारायला कुणाच्या तोंडात थुंकी नव्हती. त्या साली पोळा आला तेव्हा दावणी मोकळ्या होत्या. बैल विकले गेले होते नाहीतर मेले होते. बाया गुमसुम बसल्या होत्या. रुद्राणीनं एक लांबट दगड उचलला, काजळाच्या डबीत बोट बुडवलं आणि दगडावर दोन डोळे काढले. बस्स, दोन डोळेच. ना शिंगं, ना वशिंड. पण दगड बैल होऊन बघायला लागला. एका म्हातारीनं त्याच्यापुढं सुकडीचा घास ठेवला आणि ओक्साबोक्शी रडली.

तेच डोळे आता असुरसेनेला लागत होते. रुद्राणीचा नवरा कधीच वारला होता. एकुलती लेक चाकूरला दिली होती. रुद्राणी आपली खोली करून राहायची, स्वतःचं शिजवून खायची, कपाळाला विभूती लावून वेळेवर कामाला यायची. “लेकीच्या दारात राहायची पाळी नको यायला,” एवढंच तिचं देवाकडं मागणं.

दिवाळीच्या सुमाराला तिला दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली. पंचफुलानं तिला नांदेडला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. औषध घाला, राहिलेली नजर राहील तितके दिवस राहील, गेलेली परत येणार नाही. परतीच्या गाडीत रुद्राणीनं औषधाची बाटली पदराच्या गाठीत बांधली. मग म्हणाली, “हाताला सवय हाय गं. डोळ्यानं थोडंच रंगवते मी.”

पंचफुला तेव्हा मान डोलवून “हाव” म्हणाली होती. आणि तेव्हापासून ती हावच म्हणत आली होती.

ते वर्ष पुन्हा पाण्याचं वैरी निघालं. साचे थंड करायला पाणी लागायचं आणि टँकर एक दिवस आला तर दोन दिवस यायचा नाही. मशीन दुपारीच बंद पडायची. बाया सावलीला बसून राहायच्या. अशातच एके दिवशी हैदराबादहून खोकं परत आलं. बसलिंगप्पांनी ते सगळ्यांसमोर पंचफुलाच्या टेबलावर उलटं केलं. चकणे, तिरळे, भुवईत डोळे गेलेले असुर टेबलभर लोळले.

“पंचफुलाबाई, हे काय हाय? पार्टीनं माल वापस केला. दुकानात पोरं हसून राहिलीत म्हणं. राक्षसाला बघून पोरांनी भ्यावं का हसावं?”

“चूक झाली, अप्पा. नजर चुकली माझी.”

“तुमची?” अप्पांनी तिच्याकडं पाहिलं. मग त्यांची नजर शेडच्या त्या टोकाला गेली आणि तिथून लगेच परत आली. आवाज उतरला. “बघा बाई. पाणी न्हाई, त्यात हे. अजून एक खेप वापस आली तर मला शटर खाली घ्यावं लागंल. इतक्या जणींच्या भाकरीचा सवाल हाय.”

शेडमध्ये सगळ्यांनी ऐकलं. रुद्राणीनंही.

संध्याकाळी दोघी घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभ्या होत्या. टँकर आला नव्हता. रुद्राणीनं घागर खाली ठेवली.

“कधीपासून पास करून राहिलीस मला?”

पंचफुलानंही आपली घागर खाली ठेवली.

“पंचे, मी विचारून राहिले. कधीपासून?”

“नांदेडहून आल्यापासून.”

“यव्वा!” रुद्राणीनं छातीवर हात ठेवला. गळ्यातल्या लिंगावर. “आन् मी रोज सांजच्याला ह्याच्यापुढं हात जोडून म्हणते, देवा, नजर नेलीस पर हात शाबूत ठिवलास, लई उपकार झाले. रोज म्हणते गं! आन् तू तिकडं टोपल्या भरून राहिली होतीस.”

“तुला काढलं असतं. मग कुठं गेली असतीस? चाकूरला?”

“गेले असते.”

“लेकीच्या दारात?”

“लेकीच्या दारात भाकर खाल्ली असती. ती खरी असती. हे काय खाऊन राहिले मी?” तिचा आवाज चढला तशा रांगेतल्या बाया वळून बघायला लागल्या. तिनं आवाज आवरला. “तुला दया आली तर तू मला भाकर दे, मी घीन. तुझ्या हातची घ्यायला मला लाज न्हाई. पर खोटं पास नको देऊ. त्या असुरात जीव कशानं येतो? डोळ्यानं. ते डोळे म्या देते. त्यात खोट आली तर कुणी सांगावं मला? तूच न्हवं?”

“माझी जीभ रेटली न्हाई, रुद्री.”

“मंग उद्या जीभ नको रेटू. हात रेट.”

दूरवर टँकरचा आवाज आला. रांग हलली. दोघींनी घागरी उचलल्या आणि रांगेबरोबर पुढं सरकल्या.

दुसऱ्या दिवशी रुद्राणी सकाळी तिच्या जागेवर बसली आणि तिनं एक पूर्ण खेप रंगवली. घाई केली नाही. मधे कुणाशी बोलली नाही. रंग वाळला तशी ट्रे उचलून चाचपडत पंचफुलाच्या टेबलाशी आली आणि स्टूल ओढून समोर बसली.

“बघ आता.”

पंचफुलानं पहिला पाषाणबाहू उचलला. खिडकीकडं धरला. एक डोळा गालावर ओघळला होता. तिनं पाषाणबाहू हातात धरूनच ठेवला.

“काहून थांबलीस?” रुद्राणी म्हणाली.

लाल डब्यात तो पडला तेव्हा पत्रा खणकन वाजला. रुद्राणीची मान किंचित हलली, एवढंच. मग दुसरा. मग तिसरा. शेडमधल्या बायांनी हात थांबवले होते. पत्रा वाजत राहिला. पंचफुला नेहमीसारखीच पारखत होती. आधी पाय, मग हात, मग कड, मग रंग, शेवटी डोळे. तिला वाटत होतं, निदान एखादा पायावर डुगडुगावा, हात गळावा, म्हणजे दोष साच्यावर जाईल. पण त्या दिवशी माल असा उतरला होता की कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. डोळे सोडून.

मग एक नागमुखी राणी हातात आली. पंचफुलानं ती पाहिली, फिरवून पाहिली, पुन्हा खिडकीकडं नेली. हिरवे, लांब, कडांना किंचित वर गेलेले डोळे. तिनं राणी हिरव्या टोपलीत ठेवली.

“कुठं टाकलीस? वाजलं न्हाई.”

“हिरवीत.”

“खरं सांग.”

“तुझ्या गळ्याची आण, रुद्री. खरं.”

रुद्राणीनं हात पुढं केला. पंचफुलानं राणी काढून तिच्या हातात दिली. रुद्राणीनं ती नाकापाशी नेली, दूर केली, उजेडाकडं वळवली. तिला काय दिसलं, किती दिसलं, ते तिचं तिला ठाऊक. पण ती हसली. कितीतरी दिवसांनी पंचफुलानं तिला असं हसताना पाहिलं.

“चांगली झाली न्हवं?”

“लई चांगली झाली.”

उरलेला ट्रेही पंचफुलानं तपासला. पत्रा शेवटपर्यंत वाजला.

रुद्राणीनं आपल्या जागेवर जाऊन ब्रश थिनरमध्ये धुतला, त्याचे केस दोन बोटांत धरून सरळ केले आणि शेजारच्या पोरीच्या पुढ्यात ठेवला. मग स्वतःच अप्पांच्या खोलीत गेली. अप्पांनी तिला खोकी भरायचं काम देऊ केलं. अप्पा माणूस वाईट नव्हता. ती म्हणाली, “खोकी भरंन अप्पा, हाताला कळतंय. पर डोळ्याबिगरचे हे लोक माझ्यापुढून जाणार आन् ते दुसरं कुणी रंगवणार, ते माझ्यानं सोसायचं न्हाई.” अप्पांनी उभं राहून, हात जोडून तिला लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणं ‘शरणार्थी’ म्हटलं. मालकानं कामवालीला केलेला तो नमस्कार पंचफुलानं दारातून पाहिला.

आठवड्याभरात जावई येऊन तिला चाकूरला घेऊन गेला.

पुढं पाऊस झाला. असुरसेना आणखी काही वर्षं चालली. नवीन पोरगी डोळे रंगवायची. हात भरभर चालायचा, डोळे जागच्या जागी असायचे, पंचफुलाला नाव ठेवायला जागा नसायची. तरी खिडकीकडं धरलेला राक्षस तिच्याकडं बघतोय असं तिला पुन्हा कधी वाटलं नाही. मग पोरांचं वेड ओसरलं, बसलिंगप्पा थकले, शेडमध्ये सोयाबीनची पोती आली. पंचफुलाचा नवरा साहेबराव अडत बाजारात हमाली करायचा, त्याचीही पाठ गेली. ती घरीच राहायला लागली.

एकदा नात्यातल्या लग्नाला चाकूरला जाणं झालं तेव्हा ती रुद्राणीकडं गेली. रुद्राणीला आता काहीच दिसत नव्हतं. ओसरीवर बसून ती वाती वळत होती. पंचफुलानं नुसतं “रुद्री” म्हटलं तशी तिच्या मांडीवरचा कापूस खाली पडला.

दुपारभर दोघी बोलल्या. मधेच रुद्राणी म्हणाली, “पंखवीराचा डावा पंख लई मोडायचा न्हवं?”

“डावाच! साचाच तसा होता. अप्पांना किती सांगितलं.”

“आन् त्या चकण्या दंष्ट्रासुराला हैदराबादची पोरं हसली!” म्हणत रुद्राणी स्वतःच हसायला लागली. पंचफुलाला आधी अवघड झालं, मग तीही हसली. हसता हसता दोघींनी पदर डोळ्याला लावले. लेकीनं आतून चहा आणला. बशीत ओतून तिनं आईच्या हातात दिला, तो बेतानं, न बोलता. पंचफुलानं ते पाहिलं आणि तिचा जीव निवला.

निघताना रुद्राणीनं हट्टच धरला. “म्या येते स्टँडवर. रस्ता पायाला पाठ हाय.” दोघी हात धरून हळूहळू गेल्या. नांदेडहून येणारी लातूरची गाडी आली. पंचफुला दारातल्या गर्दीतून आत शिरली आणि फलाटाच्या बाजूची खिडकी धरून बसली.

खाली रुद्राणी गाडीच्या आवाजाकडं तोंड करून उभी होती. तिनं हात वर केला आणि हलवायला लागली. पण तिचा अंदाज चुकला होता. ती गाडीच्या पार मागच्या खिडकीकडं बघत, तिकडं हात हलवत होती. तिथं कुणीच बसलं नव्हतं.

पंचफुलानं हाक मारायला तोंड उघडलं. मग मिटलं. पिशवी उचलली, वाटेतली गाठोडी ओलांडत, कंडक्टरचं बोलणं खात ती मागं गेली, त्या रिकाम्या बाकावर बसली आणि खिडकीतून हात बाहेर काढला.

“जपून जा गं,” तिच्याकडं तोंड करून रुद्राणी म्हणाली.

“हाव,” पंचफुला म्हणाली. गाडी हलली.