इला वाकेपर्यंत

सकाळची पूजा आटोपली की नात माझ्या पाया पडते आणि मी तिच्या हातावर खडीसाखर ठेवते, हा आमच्या पवनारच्या घरातला नेम. पोळ्याच्या आधल्या आठवड्यात चार वर्षांच्या इलाने तो मोडला. भिंत धरून, पाठ ताठ ठेवून ती उकिडवी बसली, माझ्या अंगठ्याला बोट लावलं आणि तशीच सरळ उठली.

"हे काय वं? नीट वाक ना."

"मले नाई वाकाचं."

मी रागावले. पण माझा आवाज इतका लहान, की मी रागावले तरी ऐकणाऱ्याला वाटतं, जप चालला आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरांच्या तान्ह्या पोळ्याला ती लाकडी बैल ओढेना. "मी आन् बैल, दोघंही कडेवर," म्हणाली. शेजारच्या देवकाबाईंनी निदान केलं, "नजर लागली." आमच्या ह्यांनी, म्हणजे निवृत्त मास्तर हरिभाऊंनी, दुसरं केलं, "आळस हाय." तिसरं मी मनातल्या मनात केलं होतं : सुनेचे लाड. अंग थोडं कोमट लागायचं, त्याचा दोष आम्ही पावसाला दिला.

चतुर्थीला केळझरच्या गणपतीपुढेही ती शिपायासारखी ताठ उभी राहिली. मी तिच्या वतीने देवाची माफी मागितली. परतताना बस खड्ड्यात आदळली आणि इला अशी किंचाळली, की माझी सून वर्षाली घरी न येता तिला थेट वर्ध्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. मीही गेले. मला तक्रार सांगायची होती.

"काय त्रास आहे?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

"हिले मोठ्यांचा मान नाई राह्यला," मी हळूच म्हटलं. "पंधरा दिवस झाले, वाकून नमस्कारच नाई करत."

वर्षालीने कपाळाला हात लावला. "आई, अवो, हे इथं सांगाचं असते का?"

मॅडमनी मात्र पेन खाली ठेवला. "थांबा आजी. मग कसा करते? दाखवा बरं."

मी, पासष्टीची बाई, पदर खोचून भर दवाखान्यात ताठ पाठीने उकिडवी बसले. बसले ती उठेना. दोन नर्सनी मला उभं केलं. मग मॅडमनी जमिनीवर एक चॉकलेट टाकलं. इलाने ते हुबेहूब तसंच उचललं. फक्त तिला उठवायला नर्स लागल्या नाहीत.

रक्त तपासलं, पाठीचा एमआरआय झाला. "दोन मणक्यांमधल्या गादीत जंतुसंसर्ग झालाय," मॅडम म्हणाल्या. "मुलांमध्ये क्वचित होतो, म्हणून लवकर ओळखू येत नाही. वाकलं की दुखतं, म्हणून ती वाकत नव्हती. तुमच्या तक्रारीनं बरं झालं, मला लगेच शंका आली."

म्हणजे पंधरा दिवस मी लेकराच्या दुखण्यावर रागावत होते.

आधी शिरेतून आणि मग तोंडाने, असं सहा आठवडे औषध ठरलं. जबरदस्तीने वाकवू नका, दुखणं गेलं की आपणहून वाकेल, असं मॅडमनी बजावलं. मी तिथल्या बाकावरच नेम धरला : इला आपणहून वाकेपर्यंत कोणालाही आपल्या पाया पडू द्यायचं नाही.

मध्ये दसरा येतो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. अख्खी आळी आपट्याचं सोनं घेऊन आमच्या दारात. मी खाटेवर चढून पाय पदराखाली घेतले. देवकाबाईंचा जावई वाकला, तशी मी आणखी मागे सरकले.

"काऊन वं, पायाले काय झालं?" देवकाबाई.

"नेम हाय तिचा," हे म्हणाले. "माह्या पाया पडा, मी रिकामाच हावो."

त्या ओढाताणीत माझ्या हातातली खडीसाखर खाली सांडली. इला धावत आली, कंबरेतून चांगली वाकली, एक खडा उचलला आणि तोंडात टाकला. मग दुसरा. मग तिसरा.



"मी नमस्कार नाई केला हं आजी," तिने भरल्या तोंडाने बजावलं. "खडीसाखर उचलली."

"आई," वर्षाली डोळे पुसत म्हणाली, "हे चालते का नेमात?"

देवकाबाईंचा जावई अजून तसाच वाकून उभा होता. मी हळूच पाय खाली सोडले.