वरच्या टप्प्यावरची पांढरी

मी एक हिरव्या काचेची बाटली. सील नदीच्या खोऱ्यात, उतारावरच्या एका गावात, बाल्बिनाच्या स्वयंपाकघरात माझा मुक्काम आहे.

आमच्या गावाला काळी द्राक्षं आणि तांबडी वाइन एवढंच ठाऊक. बाल्बिनाचा नवरा डेल्मिरो, त्याच्या मळ्यात सगळ्यांत वरच्या टप्प्यावर मात्र काळ्या वेलींत मिसळून थोड्या पांढऱ्या वेली होत्या. त्यांचं नाव कुणालाच सांगता येत नसे. दर हंगामात ते पांढरे घड काळ्यांबरोबरच तुडवले जात. एका वर्षी डेल्मिरोने ते वेगळे काढले आणि गुपचूप त्यांची वाइन केली. निघाली जेमतेम माझ्यापुरती. मला बूच मारताना तो स्वतःशीच म्हणाला, "बाल्बिनाला नाताळात देऊ. बघू ओळखते का."

नाताळ यायच्या आतच तो गेला. चेस्टनट वेचता वेचता टेकला, तो उठलाच नाही.

बाल्बिना रडली नाही. कोंबड्यांना दाणे, चुलीवर कोबीचं सूप, अंगणाची झाडलोट, सगळं वेळच्या वेळी. सुपात मीठ घालायची राहून जाई आणि पिताना तेही तिला कळत नसे. नाताळ आला तसा गेला. मी तळघरात आडवीच.

फेब्रुवारीत धाकटा दीर एवारिस्तो आला. वरचा टप्पा आता वहिनींच्याने होणार नाही, वेली काढून टाकू, असं त्याने सुचवलं. तिने होकारार्थी मान हलवली. त्याने सकाळभर राबून सगळ्या वेली मुळांसकट उपटल्या आणि घरामागे ढीग घातला. जेवण झालं की पेटवायचा, असं ठरलं.

ताटं वाढली तर तांबडी संपलेली. बाल्बिना तळघरात उतरली आणि हाताला लागली ती बाटली, म्हणजे मलाच, घेऊन आली.

"पिवळी कशी ही? बिघडलेली दिसतेय," एवारिस्तो म्हणाला. त्याने घोट घेतला आणि चावायचा थांबला. "वहिनी, कुठून आणलीत?"

"आपल्याच तळघरातून."

मग ती प्यायली. चेहरा कोराच. पुन्हा प्यायली. "आंबट आहे," ती म्हणाली. "मागून खारट. आणि मग..." पुढचा शब्द तिला सापडला नाही. कित्येक दिवसांत तिने कशाचीच चव सांगितली नव्हती.

"डेल्मिरोची आहे ही," ती म्हणाली. "पांढरी वरच्या टप्प्यावरच होती."

दोघांनी एकदमच खिडकीबाहेर पाहिलं.

ढिगाशी जाऊन एवारिस्तो नुसता उभा राहिला. हिवाळ्यात पानं नसतात, सगळ्या वेली सारख्याच. पांढऱ्या कुठल्या, ते डेल्मिरोलाच माहीत होतं. बाल्बिनाने छाटणीची कात्री आणली आणि पुन्हा लावण्यासाठी प्रत्येक वेलीची एकेक काडी कापायला सुरुवात केली. बहुतेक काळ्याच निघतील आणि फळ दिसायला तीन वर्षं जातील, असं त्याने समजावून पाहिलं. ती कापत राहिली.

"हातमोजे तरी घाला, वहिनी. बोटं निळी पडलीत."

"मला काही जाणवत नाही रे," ती म्हणाली.

थोड्या वेळाने त्यानेही दुसरी कात्री शोधून आणली.

काड्या आता घरामागे वाळूत उभ्या आहेत. काहींना डोळे फुटलेत, काही वाळल्या. बाल्बिना रोज पाणी घालते. अजून रडलेली नाही. माझ्यात तिने तेल भरून ठेवलंय. माझी तक्रार नाही. एकच मागणं आहे. एखाद्या वेलीवर पांढरा घड दिसलाच, तर कुणीतरी मला रिकामी करा आणि गरम पाण्याने नीट धुवा.

तोवर तेल चालेल.