बुधवारची शिट्टी

"अगं, मिरियमताईंनी मलिदा केलाय! म्हणजे नक्की गिडियनकाका परत कॉलेजच्या ग्राउंडवर कोच..."

शेजारच्या अरुणाताई फाटकाशी उभ्या राहून फोनवर एवढं बोलल्या आणि नेमकी रिसायकलिंगची गाडी आली. पुढचं सगळं बाटल्यांच्या खडखडाटात गेलं. मी इथे स्वयंपाकघराच्या खिडकीशी, किल्ल्यांच्या शेजारी खुंटीवर. जीव नुसता टांगणीला लागला.

मी सरांची शिट्टी. जन्म बर्मिंगहॅमचा, अंगाने पितळी, पोटात बुचाचा एवढासा मणी. भायखळ्याहून आलेले गिडियनसर इंग्लंडात वॉटफर्डजवळच्या एका कॉलेजात फुटबॉलचे कोच झाले, त्या दिवशी मिरियमताईंनी मला त्यांच्या गळ्यात घातलं. "आता ओरडायचं ते हिने. तुम्ही घसा सांभाळा," म्हणाल्या.

पण सर मला फारसं वाजवायचेच नाहीत. सराव सुरू करताना एकदा, बस्स. पुढे कुणी चुकलं की मला नुसतं ओठांशी न्यायचे. अख्खी टीम जागच्या जागी थांबायची! माझ्या पोटातला मणी आत्ता नाचेल, मग नाचेल, म्हणून मी वाट बघत राहायचे.

तळाची ती टीम अठरा वर्षांत सात कप घेऊन आली. पहिल्या कपाच्या वेळी मिरियमताईंनी एलियाहू हन्नाबी या ज्यू प्रेषिताच्या नावाने नवसाचा मलिदा केला. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची. चिखलाने माखलेल्या गोऱ्या पोरांनी तो बोटं चाटून संपवला. पुढे मॅच जिंकली की पोरं आधी ताईंच्या डब्याकडे धावायची, मग कपाकडे.

मग सरांना बढती मिळाली. सगळ्या खेळांचे प्रमुख! लोकांनी अभिनंदन केलं, आणि मी टेबलाच्या खणात गेले. वर मीटिंगांवर मीटिंगा. खोटं कशाला बोलू, मला राग यायचा. एकदा खणाच्या फटीतून सरांचा चढलेला आवाज ऐकला, "मुलींच्या टीमलाही बुधवार दुपार हवी. उरलीसुरली सोमवार सकाळ नको!" बुधवार दुपार म्हणजे कॉलेजांच्या मॅचेसची वेळ. चार वर्षं ते त्यासाठी भांडत होते. मला वाटायचं, एवढं भांडण्यापेक्षा मला घेऊन बाहेर या ना, सर.

सर रिटायर झाल्यावर मी या खुंटीवर आले. सर किल्ल्या घ्यायला हात वर करतात, तेव्हा बोट मला लागतं. क्षणभर थांबतं. मग किल्ल्या घेऊन जातं.

तर ती गाडी गेली आणि अरुणाताई रिकामा डबा घेऊन दारात हजर.

"काका, अभिनंदन! परत कोच ना?"

"कोण म्हणालं?"

"मलिदा म्हणाला."

मिरियमताई हसल्या. "अगं बाई, या वयात हे पळणार? देवयानी झाली कोच. मुलींच्या पहिल्या टीममधली आमची देवयानी. तिच्यासाठी नवस बोलले होते मी."

"म्हणजे काका ग्राउंडवर जाणार नाहीत?"

"जाणार ना," सर म्हणाले. "बुधवारी. तिने बोलावलंय."

अरुणाताईंचा चेहरा पडला. तरी डबा मात्र भरून नेला. सर खुंटीपाशी आले आणि या वेळी किल्ल्यांकडे हात गेला नाही.

बुधवारी बारीक पाऊस होता. ओल्या गवताचा तो वास! एवढ्या वर्षांनी माझ्या पोटातला मणी हलला. समोर वीस-बावीस मुली, बुधवार दुपारी, भर मैदानात. तेव्हा कुठे मला कळलं, खणावरच्या त्या मीटिंगांत सर काय करत होते. उगाच रुसले मी.

सरांनी मला गळ्यातून काढलं. "ही घे, देवयानी."

"सर, ही तुमची आहे."

"माझा दम आता जिना चढण्यापुरता. तिला का खुंटीवर ठेवू?"

तिने मला वाजवलं. खणखणीत वाजले मी! पण श्वास नवा होता. सरांच्या श्वासाला आल्याच्या चहाचा वास असायचा.

आता मी मैदानावर असते. एखादी मुलगी चुकली की देवयानी मला नुसतं ओठांशी नेते. मुली थांबतात. कठड्यापलीकडे येरझारा घालणारे सरही थांबतात, आणि त्यांचा हात छातीवर जातो, मी लोंबायचे तिथे. तिथे आता फक्त कोटाचं बटण आहे.

बुधवारी त्या बाजूला गेलात, तर सरांना कठड्याच्या आत यायला सांगा. माझं ते ऐकत नाहीत. त्यांना बोलवायला मी वाजले, तरी त्यांना वाटतं, मॅच सुरू झाली.