अर्धा सूर खाली

मित्रांनो, मी एक जुना पियानो आहे. उभ्या बांध्याचा, काळ्याभोर लाकडाचा, आणि माणसांविषयी फारसे चांगले मत नसलेला. तुम्ही अजून लहान आहात, म्हणून तुमच्याबद्दल थोडी आशा आहे, एवढेच.

मला घडवणारे कारागीर मात्र शहाणे होते. त्यांनी माझ्या पोटात बिडाची जड चौकट बसवली, तिच्यावर दोनशेहून अधिक तारा ताणल्या आणि प्रत्येक तार एकेका पोलादी खुंटीला गुंडाळली. पट्टी दाबली की नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, हातोडी तिच्या दोन-तीन तारांवर आपटते आणि सूर निघतो. तारांचा ताण हळूहळू उतरत जातो, म्हणून अधूनमधून जाणकार माणसाला बोलावून सूर लावून घ्यावे लागतात. किती साधी गोष्ट! पण ती समजायलाही डोके लागते.

माझी उमेदीची वर्षे एका नृत्यशाळेत गेली. तिथे मला भरपूर राबवले, पण सांभाळलेही. पुढे ती शाळा बंद पडली आणि मी एका दातांच्या डॉक्टरांच्या घरी आलो. तिथून माझे दिवस फिरले.

डॉक्टरांना संगीतातले ओ की ठो कळत नव्हते. दिवाणखान्यात भारदस्त दिसतो म्हणून त्यांनी मला आणले आणि माझ्या डोक्यावर फुलदाणी ठेवली. तिचे पाणी पाझरून माझ्या पॉलिशवर पांढरे वर्तुळ उमटले. एका सुट्टीच्या दिवशी ते माझ्या पट्ट्या निरखत म्हणाले, "अरेरे, फारच पिवळे पडलेत!" आणि शेजारच्या दवाखान्यातून दात चमकवायची पेस्ट आणून त्यांनी मला घासून काढले. कित्येक दिवस माझ्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटून होत्या. घरी दोऱ्याने दात उपटणाऱ्या लोकांवर हेच गृहस्थ कसे खेकसत, ते मी भिंतीपलीकडून रोज ऐकत होतो.

त्या घरात मला वाजवणारे एकच माणूस होते, डॉक्टरांची मुलगी. तिला सगळे ठमी म्हणत. ती वाजवता वाजवता गायची आणि ऐकलेला सूर कधी विसरायची नाही. पण तोवर माझे सगळे सूर सारखेच अर्ध्या सुराने खाली घसरले होते. बिचारीला ते कोण सांगणार?

ठमीची आई म्हणायची, "अहो, कोणाला तरी बोलवा ना. हा नीट वाजत नाही असं वाटतं."

"त्यात काय बोलवायचंय? खुंट्याच तर पिळायच्या. मी रोज दाढा उपटतो!" असे म्हणून डॉक्टरांनी एकदा पक्कड आणली आणि माझ्या मधल्या एका खुंटीला झोंबले. ताडकन तार तुटली आणि त्यांच्या बोटाला लागली. मला मुळीच वाईट वाटले नाही. बोट चोखत ते म्हणाले, "मालच हलका आहे." मग झाकण लावून जेवायला गेले.

पुढे शाळेत गायनवृंदासाठी मुले निवडायची होती. ठमीने घरी पाठ केलेले गाणे आत्मविश्वासाने सुरू केले. शाळेचा नीट लावलेला पियानो अर्धा सूर वर वाजू लागला, ती खाली गात राहिली आणि मुले खो खो हसली. गाण्याच्या बाई म्हणाल्या, "आवाज गोड आहे गं, पण कान कच्चा आहे."

ठमी घरी आली आणि तिने माझे झाकण बंद केले. त्यानंतर ती माझ्याकडे फिरकली नाही. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं, अभ्यासाला वेळ मिळेल." मित्रांनो, लाकडालाही लाज वाटावी असे ते वाक्य होते.

आईला मात्र राहवले नाही. डॉक्टर दवाखान्यात असताना तिने सूर लावणाऱ्या एका बाईंना बोलावले. बाई तिरसट होत्या. मला त्या बघताक्षणी आवडल्या. माझी फळी काढून त्यांनी पहिला प्रश्न केला, "इथे पक्कड कोणी लावली?"

आईने गुपचूप भिंतीकडे बोट दाखवले. पलीकडे दात कोरायचे यंत्र घरघरत होते.

"त्यांना सांगा, मी त्यांच्या पेशंटच्या तोंडात हात घालत नाही!"

मग त्यांनी एकच पक्का सूर देणारा नादकाटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरला आणि कामाला लागल्या. तारांमध्ये रबराच्या पाचरी घालून त्या एकेक तार वेगळी ऐकत आणि चावीने खुंटी केसभर फिरवत. आकसलेले अंग ताणताना दुखते, तसे मला दुखले. पण ते दुखणे हवेसे होते. "आज अर्धा सूर वर ओढलाय," त्या म्हणाल्या. "तारा पुन्हा थोड्या उतरतील. पंधरवड्याने परत येईन."

एवढ्यात ठमी शाळेतून आली. आईने आग्रह केला म्हणून तिने नाइलाजाने एक पट्टी दाबली आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"आई, हा आपला पियानो नाही! सगळंच खोटं वाजतंय." ती एकेक पट्टी दाबत गेली आणि मध्येच थांबली. "हा बघ! हा एकच सूर खरा आहे."

सूर लावणाऱ्या बाई पहिल्यांदाच हसल्या. "तुटलेल्या तारेची पट्टी ती. तिच्या उरलेल्या तारा तेवढ्या लावायच्या राहिल्यात."

आईने शाळेतला प्रकार सांगून विचारले, "म्हणजे शाळेत ही चुकली नव्हती?"

"चुकेल कशी? घरी ऐकलं तेच जसंच्या तसं गायली. कच्च्या कानाला एवढं आठवत नाही हो."

आई दुसऱ्याच दिवशी शाळेत गेली. गाण्याच्या बाईंनी ठमीला पुन्हा बोलावले. पण मनात मुरलेले सूर पुसून नवे बसवणे सोपे नसते. ठमी रोज माझ्यापुढे बसायची, चुकायची, रडायची, पुन्हा बसायची. ते जमेपर्यंत त्या वर्षीचा कार्यक्रम होऊन गेला आणि तिने तो प्रेक्षकांत बसून पाहिला. पुढच्या वर्षी ती गायली. तरी ते एक वर्ष मी विसरलेलो नाही.

 एका संध्याकाळी डॉक्टर ठमीशेजारी येऊन बसले आणि त्यांनी एक पट्टी दाबली. "खरं सांगू ठमे? मला अजूनही फरक कळत नाही गं."

"माहितीये बाबा," ठमी म्हणाली. "म्हणूनच तुम्ही खुंट्यांना हात लावायचा नाही."

डॉक्टरांनी पट्टीवरचे बोट काढून घेतले.

मित्रांनो, एखादी गोष्ट आपल्याला कळत नाही, यात काही पाप नाही. पण तुमच्या घरी जे कोणी मुके उभे असेल, त्याला जाणकाराच्या हाती द्या. आणि तोवर, कृपा करून, पक्कड खाली ठेवा.