एकोणीस वर्षांचे लंगडणे

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. माझे अंग अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाचे आणि मूठ मेंढ्याच्या शिंगाची. सध्या मी एका भिंतीवर दोन पितळी चापांत अडकून असते, आणि ती भिंतसुद्धा खरी नाही. ती लाकडी चौकटीवर ठोकलेली रंगीत फळी आहे, आणि तिच्यामागे इंग्लंडच्या लँकशायरमधली एक बंद पडलेली कापडगिरणी आहे. तुमच्यापैकी कोणी दूरचित्रवाणीवर इन्स्पेक्टर ऑर्मरॉडची मालिका पाहिली असेल, तर त्याने मला नक्कीच पाहिले आहे. मात्र त्याने जे पाहिले ते सगळे खरे नव्हते, म्हणून आज हे सांगावेसे वाटले.

रिबल नदीच्या खोऱ्यातल्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाने मला घडवले. झाडातला रस उतरतो त्या थंडीच्या दिवसांत त्याने मला कापले, वर्षभर कोठाराच्या तुळईला टांगून वाळवले, मग वाफेवर तापवून गुडघ्यावर दाबत सरळ केले. मूठ बसल्यावर त्याने आपला सारा भार माझ्यावर टाकून पाहिला आणि बायकोला म्हणाला, "काठीवर टेकलोय हे माणूस विसरला, म्हणजे काठी जमली." मला वाटले, आता मी डोंगर पाहणार.

पण शेतकऱ्यांच्या जत्रेत मला ग्लेनिस पिलिंगबाईंनी विकत घेतले.

"कुणासाठी हवीय?" मेंढपाळाने विचारले.

"एका मेलेल्या माणसासाठी," बाई सहज म्हणाल्या.

त्याने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. "फार दुःख झालं ऐकून."

"अहो, दुःख कसलं करताय! मंगळवारी मरायचाय तो. टीव्हीवर!" बाई हसत सुटल्या.

ग्लेनिसबाई मालिकेच्या सामानाच्या प्रमुख होत्या. कप, चाव्या, पिस्तुले, प्रेताच्या हातातल्या वस्तू, सगळे त्यांच्या ताब्यात. पहिल्या वर्षीच्या पहिल्याच भागात एका मेंढपाळाचा खून होणार होता, आणि मी त्याच्या शेजारी पडून राहायचे होते. एका भागापुरते काम. त्यानंतर मला कोणीतरी घरी नेले असते आणि माझे आयुष्य सुरू झाले असते.

घडले ते वेगळेच. मोरकमच्या खाडीच्या काठी शेवाळलेल्या खडकांवर चित्रीकरण चालू असताना इन्स्पेक्टरचे काम करणारे क्लिफर्ड एन्टविसल घसरले आणि त्यांचा उजवा पाय मुरगळला. भरती यायला दोन तास होते, थांबणे शक्य नव्हते. ग्लेनिसबाईंनी प्रेताच्या हातातून मला काढले आणि क्लिफर्ड यांच्या उजव्या हातात दिले. "टेक हिच्यावर. मेलेल्याला तशीही नकोय."

मित्रांनो, या लोकांची काम करण्याची रीत विचित्र असते. गोष्ट ज्या क्रमाने घडते त्या क्रमाने ते ती चित्रित करत नाहीत. एका जागेवरची सगळी दृश्ये एकदम उरकतात. शेवट पहिल्या आठवड्यात आणि सुरुवात चौथ्यात. खाडीकाठी शेवट चित्रित झाला तेव्हा क्लिफर्ड लंगडत होते. पोलीस ठाण्यातली सुरुवात चित्रित करायची वेळ आली तेव्हा त्यांचा पाय ठणठणीत झाला होता. परंतु गोष्टीत पाय मुरगळण्याचा प्रसंगच नव्हता. जो माणूस शेवटी लंगडतो, त्याने सुरुवातीलाही लंगडायलाच हवे. तेव्हा क्लिफर्ड धडधाकट पायाने लंगडले. त्यांना वाटले, चार दिवसांचा प्रश्न आहे.

भाग प्रसारित झाला आणि पत्रांचा पाऊस पडला. लोकांना ते लंगडणे फार आवडले. कोणाला त्यात जुने दुःख दिसले, कोणाला जिद्द. निर्मात्या ज्युडिथबाई हातात पत्रांचा गठ्ठा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "क्लिफ, हे सोडायचं नाही हं. मला तर भारीच आवडलंय."

त्या गठ्ठ्यात एक पत्र वेगळे होते. बर्नलीच्या रुग्णालयात लोकांना चालायला शिकवणाऱ्या मिस हेस्केथ यांनी लिहिले होते की, ज्याचा उजवा पाय दुखतो त्याने काठी डाव्या हातात धरावी. तुमचा इन्स्पेक्टर ती चुकीच्या हातात धरतो आणि अशाने त्याचा चांगला पाय बिघडेल.

"मग उद्यापासून डाव्या हातात घेऊ का?" क्लिफर्ड यांनी विचारले.

"घे की," ग्लेनिसबाई म्हणाल्या. "आणि झालेले भाग मी घरोघर जाऊन पुसून येते."

दोघेही हसले. पत्र खणात गेले. मी उजव्या हातातच राहिले.

तेव्हापासून, जिथे मालिकेचे चित्रीकरण चाले त्या बंद गिरणीच्या दुसऱ्या मजल्यावरचा, सामान ठेवायचा जाळीचा पिंजरा हे माझे घर झाले. माझ्या गळ्यात क्रमांकाची चिठ्ठी होती. सकाळी वहीत सही झाली की कुलूप उघडायचे, संध्याकाळी सही झाली की बंद व्हायचे. शेजारी माझ्यासारख्या दिसणाऱ्या दोन काठ्या होत्या. एक मारामारीसाठी रबराची, दुसरी धावण्यासाठी पोकळ. त्या बिचाऱ्यांना डोंगराची ओढ कधी लागली नाही. मला मात्र जाळीतून पेंडलच्या टेकडीचा माथा दिसे. त्याच टेकडीवर क्लिफर्ड पूर्वी दर रविवारी चढत असत. मी कधीच गेले नव्हते.

हळूहळू तेही जाईनासे झाले. एकदा बाजारात ते नेहमीसारखे चालत होते, तेव्हा मटणाच्या दुकानापुढे एक बाई मैत्रिणीला मोठ्याने म्हणाली, "अगं, याला काहीच झालेलं नाही गं! इतकी वर्षं फसवलं मेल्यानं." तिच्या चेहऱ्यावर खरोखरच दुखावल्याचा भाव होता, असे त्यांनी ग्लेनिसबाईंना सांगितले. त्या दिवसापासून क्लिफर्ड बाजारातही लंगडू लागले. पुढे चर्चमध्ये, आणि मग नातीच्या शाळेतही.

अशी एकोणीस वर्षे गेली. माझे कौतुक होत होते. माझ्यासारख्या काठ्या दुकानात विकायला आल्या होत्या. पण मला जे कळत होते ते कोणाला कळत नव्हते. पहिली काही वर्षे क्लिफर्ड माझ्यावर टेकण्याचा अभिनय करत. माझ्या टोकाची पितळी टोपी दोन दोन वर्षे टिके. नंतर ती वर्षात झिजू लागली, मग सहा महिन्यांत. शेवटी शेवटी ग्लेनिसबाई दर महिन्याला नवी टोपी ठोकत होत्या. उजव्या पायाने खोटे लंगडता लंगडता क्लिफर्ड यांचा डावा खुबा खरोखरच निकामी झाला होता. आता कॅमेऱ्यापुढे त्यांना दोन कामे करावी लागत: जो पाय दुखत नव्हता त्याने लंगडायचे, आणि जो दुखत होता त्याने लंगडायचे नाही.

दुपारच्या सुट्टीत ते पिंजऱ्यात येऊन बसत. चहा आणि आल्याच्या केकचा तुकडा घेऊन. तेवढ्या चार पावलांपुरते ते डाव्या पायाने लंगडत, कारण तेथे पाहायला कोणी नसे. ग्लेनिसबाई मुद्दाम पाठ फिरवून कप पुसत बसत.

"ही चौथी टोपी यंदाची," एकदा त्या म्हणाल्या.

"पितळ हलकं निघालं असेल."

"पितळ तेच आहे, क्लिफ. माणूस जड झालाय."

"आल्याचा केक तुझाच ना? मग दोष कुणाचा?"

त्यांनी विषय असा उडवून लावला. दर वसंतात, चित्रीकरणाआधी, मालिकेचा विमा उतरवणाऱ्या कंपनीचा डॉक्टर येऊन त्यांची तपासणी करी. त्या दिवशी ते वेदनाशामक गोळ्या घेत आणि खिडकीपर्यंत अगदी सरळ चालून दाखवत. "माझा वर्षातला सगळ्यात चांगला अभिनय," ते म्हणत, "कुणी चित्रित करतच नाही."

ते खरे का सांगत नव्हते? मी त्यांच्या तळहाताखाली वाढले आहे, म्हणून मला ठाऊक आहे. याच गिरणीत त्यांची आई मागावर उभी असे. गिरणी बंद झाली त्या शुक्रवारी ती डबा आणि एप्रन घेऊन घरी आली, खुर्चीत बसली आणि अंधार पडला तरी तिने दिवा लावला नाही. क्लिफर्ड तेव्हा नऊ वर्षांचे होते. आता त्याच इमारतीत त्यांच्या एका पायावर ऐंशी माणसांची घरे उभी होती. सुतार, शिंपिणी, गाडीवाले, जेवण रांधणारे. पाय खरोखरच अधू निघाला, तर विमा नाही. आणि विमा नाही, तर मालिका नाही. मी जाळीत होते, मित्रांनो. ते कशात होते ते मला सांगता येत नाही, पण त्याला कुलूप नव्हते आणि तरी ते बाहेर पडू शकत नव्हते.

मग या वसंतात दुसरे पत्र आले. ते ग्लेनिसबाईंच्या नावावर होते. त्यांनी ते पिंजऱ्यात उभ्याने वाचले आणि एप्रनच्या खिशात ठेवले. दुसऱ्या दिवशी काढले, पुन्हा ठेवले. त्यांच्या निवृत्तीला चार वर्षे उरली होती. पत्र फाडून टाकणे सोपे होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याची दोन्ही टोके चिमटीत धरलेली मी पाहिली. परंतु दुपारी क्लिफर्ड चहा घेऊन आले, तेव्हा त्या म्हणाल्या, "बस. आणि मी वाचेपर्यंत विनोद करू नकोस."

पत्र मिस हेस्केथ यांचेच होते. त्या आता निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी लिहिले होते: "एकोणीस वर्षांपूर्वी मी कळवले होते की तुमचा इन्स्पेक्टर काठी चुकीच्या हातात धरतो. आता ती बरोबर हातात आहे. हात तोच आहे, पण पाय बदलला आहे. त्यांचा डावा खुबा गेला आहे आणि ते तो लपवत आहेत. अशी माणसे मी आयुष्यभर पाहिली. कृपया त्यांना कोणीतरी विचारावे."

क्लिफर्ड यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "साठ लाख लोक बघतात. कळलं एका म्हातारीला."

"दोघींना," ग्लेनिसबाई म्हणाल्या. "मला टोप्यांवरून कळलं होतं. पण मी विचारलं नाही, कारण तू हो म्हणाला असतास तर माझी नोकरी गेली असती. आता विचारते. दुखतं का रे?"

"झोपताना. उठताना. मोजे घालताना." त्यांनी जाळीतून टेकडीकडे पाहिले. "पेंडलवर जाऊन सहा वर्षं झाली, ग्लेनिस."

"सोमवारी डॉक्टर येतोय."

"येऊ दे. चालून दाखवीन. अजून दोन वर्षं काढीन. बाकीच्यांचं काय करू?"

"बाकीच्यांना पाय आहेत," बाई म्हणाल्या. "ते कुठंतरी चालत जातील. तुझं सांग."

सोमवारी सकाळी क्लिफर्ड गोळ्या न घेता आले. तपासणीला मला नेण्याची पद्धत नव्हती; तेथे निरोगी माणूस दाखवायचा असे. ग्लेनिसबाईंनी कुलूप काढले आणि वहीत सही न घेता मला त्यांच्या हाती दिले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच मी सहीशिवाय बाहेर पडले.

खोलीत डॉक्टर होता आणि कागद घेऊन ज्युडिथबाई बसल्या होत्या. "खिडकीपर्यंत जाऊन परत या," डॉक्टर म्हणाला. क्लिफर्ड यांनी आपला सारा भार माझ्यावर टाकला. मेंढपाळाने टाकला होता तसा. आणि ते डाव्या पायाने लंगडत निघाले.

ज्युडिथबाई हसल्या. "क्लिफ, पाय चुकला तुझा."

"एकोणीस वर्षं चुकत होता," ते न थांबता म्हणाले. "आज बरोबर आहे."

खिडकीपाशी ते वळले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. ज्युडिथबाईंचे हसू गेले होते. "मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस. आवडलं मात्र दर वर्षी म्हणालीस."

डॉक्टरने त्यानंतर मान वर केली नाही. तो नुसता लिहीत होता.

पुढचे थोडक्यात सांगते. मालिकेतून क्लिफर्ड बाहेर पडले. नऊ महिने गिरणीत शांतता होती आणि परतलेल्यांत तीस जण नव्हते. हे मला लपवायचे नाही, आणि क्लिफर्ड यांनाही ते कधी विसरता येणार नाही. मग कथा अशी रचली गेली की इन्स्पेक्टर ऑर्मरॉड खाडीच्या वाळूत नाहीसे झाले, मागे फक्त काठी सापडली, आणि त्यांच्या हाताखालची सार्जंट आता इन्स्पेक्टर झाली. मला ओल्या वाळूत रोवून ते दृश्य चित्रित झाले.

निघण्याआधी क्लिफर्ड यांनी ज्युडिथबाईंना विचारले, "ही मला मिळेल का?"

"ती आता नव्या इन्स्पेक्टरच्या भिंतीवर लागणार, क्लिफ. प्रत्येक भागात दिसायला हवी."

"म्हणजे माझी जागा हिला दिलीत," ते म्हणाले आणि माझ्या मुठीवरून एकदा अंगठा फिरवून गेले. शस्त्रक्रियेनंतर त्यांनी रुग्णालयाची राखाडी धातूची काठी आठ आठवडे वापरली आणि परत केली. परवा ते चहाला आले होते. दोन्ही पावले सारखी पडत होती. बुटांवर पेंडलचा चिखल होता.

मित्रांनो, मी येथे आहे. रोज माझ्यावरची धूळ पुसतात, आणि प्रत्येक भागाआधी नवी धूळ मोजून लावतात. माझी शेवटची टोपी ग्लेनिसबाईंनी वाळूतल्या दृश्यानंतर ठोकली. ती अजून जमिनीला टेकलेली नाही. मला कोणी भिंतीवरून काढले तर मी आनंदाने एखादी टेकडी चढेन. पण ते नाही जमले, तरी एवढे करा. ज्या कोणाचे लंगडणे तुम्हांला फार आवडते, त्याच्या जवळ जा आणि कौतुक करण्याआधी, मिस हेस्केथ यांनी सांगितले तसे, त्याला विचारा: दुखते का?