केल्पचे चार देठ

जिगनं सॅमन धरायचा तर इंजिन बंद ठेवावं लागतं. होडी प्रवाहाबरोबर वाहू द्यायची, म्हणजे तंगूस सरळ खाली राहतो. शिशाचा जिग हिसक्यानं वर उचलायचा आणि सैल सोडायचा; जखमी हेरिंग माशासारखा तो गिरक्या घेत खाली जाताना मासा झडप घालतो. माल्कम बेटावर या कामाचा एकच नियम आहे. एकानं गळ टाकला की दुसऱ्यानं किनारा बघायचा. दीपगृह काळ्या खडकाआड गेलं की इंजिन चालू करायचं, मग गळाला काहीही लागलेलं असो.

त्या दिवशी किनारा बघायचं काम एलाचं होतं.

तिचा थोरला भाऊ औलिस वीस मिनिटं एका चिनूकशी, सर्वांत मोठ्या जातीच्या सॅमनशी, झुंजत होता. मासा दोनदा होडीपाशी येऊन पुन्हा खोल गेला. एला जाळी धरून पाण्यात वाकली होती. मान वर केली तेव्हा दीपगृह नव्हतं, आणि काळा खडकही मागे पडला होता.

"औलिस, इंजिन."

"थांब, दमलाय तो."

"कवळी ऐकू येतेय."

कवळी म्हणजे बेटाच्या टोकाशी असलेली खडकांची रांग. भर ओहोटीत तिथे पाणी फुटतं आणि लहान होडी उलटते. त्या थंडगार पाण्यात हातपाय फार वेळ हलत नाहीत.

औलिसनं रॉड तिच्या हातात कोंबला आणि इंजिनची दोरी ओढली. इंजिन खोकलं. घाईत त्यानं चोक पूर्ण ओढला होता. पाचव्या झटक्याला पेट्रोलचा वास सुटला.

"बुडवलंस त्याला पेट्रोलमध्ये."

"आणि तू किनारा बघत होतीस ना?"

एलानं सुरी काढून तंगूस कापला.

"चाळीस पौंडांचा होता," औलिस म्हणाला.

"वल्ही घे."

तो जीव खाऊन वल्हवू लागला. होडी तरीही मागेच सरकत होती. किनाऱ्यावरचं एक वाकडं झाड एलानं नजरेत धरलं. ते पुढे पुढे जात राहिलं. खडकांवरचा पांढरा फेस आता दिसू लागला.

डाव्या हाताला पाण्याचा एक पट्टा तेलकट, गुळगुळीत दिसत होता. खाली केल्पचं, म्हणजे लांब देठांच्या समुद्री शेवाळाचं, रान असणार. बेटावरचे लोक त्याच्या देठांना होड्या बांधतात, पण ओहोटीच्या जोरानं सगळं केल्प पाण्याखाली दबलं होतं.

"तिकडे घे," ती म्हणाली आणि स्वतःच्या रॉडवरचा जिग खाली सोडला. गळ अडकला. तिनं ओढला, तो निसटला. पुन्हा अडकला, पुन्हा निसटला. सॅमनच्या गळाला उलटा काटा ठेवायला बंदी आहे. डब्यातला एकेक काटा तिनंच पकडीनं चेपला होता.

"कायदा पाळणारं घराणं आपलं," औलिस धापा टाकत म्हणाला.

मग तिनं जिग ओढायचं सोडलं. प्रवाहात झुलवत त्याचं वजन देठाभोवती फिरू दिलं. दोन वेढे बसले. तिनं तंगूस हातावर गुंडाळून ओढला. तो तळव्यात रुतला, पण होडीचं तोंड वळलं. हातभर. आणखी हातभर. ती पोटावर पडली आणि खांद्यापर्यंत हात पाण्यात घातले.

"धरलाय. दोर आण."

औलिसनं वल्ही टाकून मिळाले तेवढे देठ दोरानं एकत्र आवळले. चार. होडी हिसका खाऊन थांबली. थोड्या वेळानं एक देठ तळातल्या दगडासकट उपटून आला. मग दुसरा.

"ओहोटी संपायला किती?"

"पाऊण तास. सोडू नकोस."

"नाही, नाचायला जाते."

दोर बांधलेला होता, तरी तिनं देठ सोडले नाहीत.

"मासा आधीच सोडायला हवा होता मी," औलिस म्हणाला.

"हो."

तिसरा देठ तुटला. एलानं दोन्ही हात उरलेल्या देठाला घातले आणि गाल होडीच्या काठावर दाबला. बोटं आपली आहेत की नाहीत हे तिला कळेनासं झालं. कवळीचा आवाज कमी झालाय हे तिला औलिसनं सांगितलं, तेव्हा तिनं विश्वास ठेवला नाही.

एव्हाना जास्तीचं पेट्रोल उडून गेलं होतं; इंजिन तिसऱ्या झटक्याला सुरू झालं.

"सोड आता," औलिस म्हणाला.

"सुटत नाहीत."

त्यानं इंजिन तसंच चालू ठेवलं, तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसला आणि पाण्यात हात घालून तिची बोटं एकेक करून उकलू लागला.