काटा बरोबर होता

मित्रांनो, वजनकाट्याला राग येत नसेल असं तुम्हाला वाटत असेल. मला येतो. परभणी जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात एकोणीस वर्षं मी नवी बाळं तोलतोय. वर पांढरं तबक, खाली गोल तबकडी आणि तिच्यावर लाल सुई. कारखान्यातून एकच गोष्ट शिकून आलो: जेवढं ठेवलं, तेवढंच सांगायचं.

सुरुवातीला माझं लय कौतुक झालं. बाळाचा श्वास मोजत बसणाऱ्या आया माझ्या सुईवरून नजर हलवत नसत. पुढे रंग उडाला, कौतुकही उडालं. पण सुमनबाई सिस्टर सुई शून्यावर आणल्याशिवाय बाळ ठेवत नसत. त्यांची नोकरी चोवीस वर्षांची. ड्यूटी संपली की चहाचा कप घेऊन माझ्याशेजारी उभ्या राहायच्या आणि सगळा दिवस मनात पुन्हा चालवायच्या. आज माझ्या हातून काय राहिलं?

पुढच्या पाळीची निकिता चिडवायची, "बाई, आज तरी पास का?"

"ज्या दिवशी पास झाले ना, त्या दिवशी नोकरी सोडते बघ."

पाळीला दोन सिस्टर हव्यात. असायची एक. नवजात बाळांच्या प्रशिक्षणासाठी बाईंनी तीनदा अर्ज केला. तीनदा एकच उत्तर: तुम्ही गेलात तर वॉर्ड कोण बघणार?

त्या मंगळवारी चुडाव्याच्या शिवरंजनीची मुलगी दवाखान्याच्या वाटेत रिक्षातच जन्मली. आत येईपर्यंत आजीनं, बसम्मानं, घरच्या लिंगायत रीतीप्रमाणे बाळाच्या गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी बांधली होती आणि वरून जाड दुपटं गुंडाळलं होतं.

"डबी काढायची न्हाई बाई. लिंग अंगावरून उतरवत नसतेत."

आत दुसरी बाई कळांनी ओरडत होती. सुमनबाई घाईत म्हणाल्या, "राहू द्या आज्जी, तसंच ठेवा."

मी एक किलो नऊशे सांगितलं. एक किलो आठशेच्या आतलं बाळ परभणीच्या नवजात कक्षात पाठवायचं, असा नियम. हे वर भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ चुडाव्याला घरी गेलं. मंगळवारी बाई सलग सोळा तास एकट्या होत्या. चहा नाही, की माझ्याजवळ उभं राहणं नाही.

बुधवारी दुपारी कप ओठाला लावला आणि त्या थबकल्या. "निकिता, मी दुपट्यासकट वजन केलं गं!"

तसंच एक दुपटं त्यांनी माझ्यावर टाकलं. दीडशे ग्रॅम. डबीचं वजन वेगळंच. लगेच फोन लावला.

"पोरगी लय शांत हाय," बसम्मा कौतुकानं म्हणाली. "रडत बी न्हाई, दूध बी मागंना."

एवढ्याशा बाळाचं गप्प राहणं धोक्याचं, हे बाईंना ठाऊक होतं. "आज्जी, तिला आत्ताच्या आत्ता आईच्या छातीशी धरा. मी गाडी घेऊन यायले."

बाळ आलं तेव्हा पाय गार होते. दुपटं उतरलं. "डबी गळ्यातच असू द्या आज्जी. दोरा सैल करून फक्त हातात वर धरा." बसम्मानं धरली. एक किलो सातशे. तशीच गाडी परभणीला गेली.

गुरुवारी दवाखान्याचे मोठे डॉक्टर, आमचे साहेब, माझ्यासमोर उभे राहिले. "काटा जुना आहे. नादुरुस्त होता असं अहवालात लिहा बाई. तुम्हीही सुटता, आम्हीही."

मित्रांनो, मला तोंड असतं तर! दुपटं, डबी आणि बाळ, तिघांचं मिळून मी खरंच सांगितलं होतं. लेकरू जिवाशी झुंजतंय आणि यांना लोखंडाच्या मुंडीवर खापर फोडायचंय!

"काटा बरोबर हाय साहेब," सुमनबाई म्हणाल्या. कागद पुढे ओढला आणि लिहिलं: वजन दुपट्यासह झाले. चूक माझी. त्या दिवशी मी सोळा तास एकटी होते.

मुलगी वाचली. तेविसाव्या दिवशी माझ्यावर दोन किलो शंभर भरली. पण बाईंना 'कारणे दाखवा' नोटीस चौथ्याच दिवशी आली होती. दुसरी सिस्टर अजून यायचीय.

म्हणून सांगतो, मला पुसा, तपासा, जुना झालो तर खुशाल भंगारात काढा. मात्र सिस्टरवर ओरडायच्या आधी विचारा, "बाई, आज तुम्ही किती जणी आहात?" उत्तर 'एकटी' आलं, तर तोच आवाज साहेबांच्या दारात जाऊन चढवा.